आनंदाचे मोल कोणी द्यावे?

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात एक लहानसा प्रसंग आहे. शकुंतलेच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या दुष्यंताने त्या वर्षीचा वसंतोत्सव बंद करविला आहे. ही राजाज्ञा ठाऊक नसलेल्या दोन उद्यानपालिका आंब्याचा मोहोर खुडून मदनाची पूजा करू पाहतात, तोच कंचुकी येऊन त्यांना दटावतो. अदृश्य राहून हे सर्व पाहणाऱ्या सानुमतीला आश्चर्य वाटते. उत्सवाची आवड हा मनुष्याचा स्वभावच आहे. तो अडवावयाचा तर कारणही तेवढेच भारी असले पाहिजे, असा तिच्या उद्गारांचा आशय आहे. उत्सवाच्या नीतीविषयी जो जो वाद आजवर झाला, त्याचे बीज या आशयात आहे असे मला वाटते. उत्सवाचे समर्थन करण्याची जबाबदारी उत्सव करणाऱ्यावर नाही. तो बंद करू पाहणाऱ्याने कारण दाखविले पाहिजे. परंतु भारी कारण म्हणजे कोणते, हे सानुमती सांगत नाही. ते आपले आपणच शोधावयाचे आहे.

या शोधाला निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. तो नोकरीसाठी काही वर्षे युरोपात असतो. मागच्या जुलैत तो स्पेनमधील पाम्प्लोना येथे सान फेर्मिनचा उत्सव पाहून आला आणि दिवाळीला घरी आला तेव्हा तेथील बैलांच्या धावेची चित्रे त्याने आम्हा सर्वांना दाखविली. माझी पत्नी दुसऱ्याच मिनिटाला उठून आत गेली. मी मात्र बसून राहिलो. इतकेच नव्हे, तर त्यातील एक दृश्य मी त्याला पुन्हा दाखवावयास सांगितले, हे संकोचाने का होईना, कबूल केले पाहिजे. मग प्राध्यापकी सवयीने, ‘हे काही बरे नव्हे,’ असे मी म्हणालो, तेव्हा तो हसून म्हणाला, “मामा, ती त्यांची परंपरा आहे. आपण कोण बोलणार? आणि तुम्हीही दोनदा पाहिलेतच की!” या दोन्ही आक्षेपांना त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराच्या दिशेने पडलेले एक पाऊल आहे. मी स्पेनला गेलेलो नाही. जे जाणतो ते वाचून आणि चित्रांतून पाहून. वाचकांनी माझ्या विधानांची किंमत त्या बेताने करावी.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्पेनचे उत्सव म्हणजे बैल, असे दूरच्या माणसास वाटते. पण त्या देशाचे वर्ष किती तरी वेगवेगळ्या रंगांच्या दिवसांनी भरलेले आहे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या ‘सूर्यद्वार’ चौकातील घड्याळाचे बारा ठोके पडत असता प्रत्येक ठोक्यास एक याप्रमाणे बारा द्राक्षे खावयाची, म्हणजे येणारे बारा महिने सुखाचे जातात, अशी समजूत आहे. ५ जानेवारीच्या संध्याकाळी पूर्वेकडील तीन राजांच्या मिरवणुका निघतात. मुलांना खाऊ-खेळणी मिळतात ती बहुधा त्यांच्या नावाने. लेन्टच्या उपवासांपूर्वी कार्निव्हल येतो. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात सेव्हिलच्या गल्ल्यांतून टोकदार टोप्यांनी तोंडे झाकलेले प्रायश्चित्तार्थी मेणबत्त्या घेऊन चालतात, आणि ख्रिस्ताच्या व मेरीच्या मूर्तींचे अवजड मखर आत दडलेली माणसे मानेवर तोलून इंच इंच पुढे नेतात. २३ जूनच्या रात्री समुद्रकाठी होळ्या पेटतात. १ नोव्हेंबरला लोक फुले घेऊन आपल्या मृतांच्या भेटीस दफनभूमीकडे जातात. २२ डिसेंबरला नाताळची सोडत निघते, आणि माद्रिदच्या एका जुन्या शाळेची मुले सोडतीचे आकडे गाऊन दाखवितात. हा प्रघात १८१२ साली सुरू झालेल्या सोडतीशी जोडलेला आहे. शोक, भक्ती, थट्टा, लोभ, वात्सल्य यांपैकी असा एकही मनोविकार नाही की ज्याला त्या वर्षात स्वतःचा असा एक दिवस दिलेला नाही. ज्या समाजाने मनुष्यस्वभावाची एवढी सोय लावून ठेवली आहे, त्याला शहाणपण शिकविण्यापूर्वी शंभरदा विचार करावा हे उघड आहे.

उत्सवावर हात टाकणारे राज्यकर्ते बहुधा लोकांच्या हितासाठी तसे करीत नाहीत, याचा धडाही स्पेननेच दिला आहे. यादवी युद्ध चालू असता १९३७ च्या फेब्रुवारीत फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हल बंद केला. त्यामागचे खरे भय मुखवट्याचे होते. मुखवट्याआडचा माणूस खरे बोलतो. कादिस या बंदराच्या गावी तर कार्निव्हल म्हणजे गाण्यांचा अड्डा. टोळ्याटोळ्यांनी लोक वेषांतर करून येतात आणि मंत्र्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणाचीही भीड न ठेवता वर्षभराचे उणेदुणे गाण्यात मांडतात. ती गाणी बंद पडली असे वाटले. पण १९४८ पासून ती पुन्हा हळूहळू ऐकू येऊ लागली, कार्निव्हल हे नाव टाकून आणि परीक्षकांची कात्री सोसून. पुढे ‘नमुनेदार उत्सव’ अशा सोज्ज्वळ नावाखाली तीच परंपरा जिवंत राहिली, आणि फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ साली कार्निव्हल आपल्या खऱ्या नावाने फेब्रुवारीत परतला. दुष्यंताची बंदी निदान त्याच्या स्वतःच्या दुःखातून आली होती. या बंदीला भारी कारण होते ते एवढेच की, लोक हसले तर सत्ता हलकी होते. असे कारण नीतीच्या तराजूत भरत नाही.

गास्पार मेल्चोर दे होवेयानोस या अठराव्या शतकातील स्पॅनिश विचारवंताने हे पुष्कळ आधी ओळखले होते. सार्वजनिक करमणुकींवरील आपल्या निबंधात त्याने असे प्रतिपादिले आहे की, कष्ट करणाऱ्या प्रजेला सरकारने करमणूक पुरविण्याची गरज नाही. तिला तिच्या सुटीच्या दिवशी मोकळे सोडले म्हणजे पुरे. अंमलदारांच्या बारीकसारीक मनाईहुकुमांनी खेडीपाडी उदास झाली आहेत, अशी त्याची तक्रार होती. परंतु, आणि हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे, लोकांच्या आनंदाचा कैवार घेणारा हाच गृहस्थ बैलांच्या झुंजीचा विरोधक होता. म्हणजे उत्सवाचा पक्ष घेणे आणि उत्सवातील एखाद्या गोष्टीचा निषेध करणे यांत विसंगती नाही. ती रेषा कोठे ओढावयाची हाच काय तो प्रश्न.

ती रेषा शोधताना मला सर्वांत अधिक उजेड मिळाला तो व्हॅलेन्शियाच्या फाय्यास उत्सवात. १५ ते १९ मार्च या दिवसांत त्या शहराच्या चौकाचौकांत लाकूड, कागदाचा लगदा आणि अलीकडे फेसाळ कृत्रिम द्रव्ये यांची प्रचंड शिल्पे उभी राहतात. काही तर चार-पाच मजली घराएवढी. त्यांत पुढाऱ्यांची टिंगल असते, काळाच्या खुळांची थट्टा असते. गल्लोगल्लीची मंडळे वर्षभर वर्गणी जमवितात, कारागीर महिनोगणती खपतात, आणि १९ तारखेच्या रात्री हे सारे पेटवून दिले जाते. १९३४ पासून लोकांच्या मताने एका बाहुलीस क्षमा मिळते आणि ती संग्रहालयात जाते. बाकी सर्व राख. हिशेबी मनुष्यास हा अपव्यय वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे, आणि वर्गात ‘संपत्तीचा नाश’ या विषयावर बोलताना अशी उदाहरणे मी हटकून देत असे. आज मला त्यात दुसरेच काही दिसते. हे लोक जे जाळतात ते त्यांचे स्वतःचे आहे. त्यांचे पैसे, त्यांची मेहनत, त्यांचा अभिमान. आनंदाचे मोल तेथे आनंद भोगणाराच चुकवितो. आपल्याच कष्टाच्या फळावरची आसक्ती वर्षातून एक रात्र आगीच्या स्वाधीन करण्यास जे मनोबल लागते, त्याला अपव्यय म्हणणे हा शब्दाचाच अपव्यय होईल.

कॅटलोनियातील मानवी मनोऱ्यांचेही असेच. दहीहंडीच्या मराठी वाचकास ते चित्र समजावून सांगावयास नको. फरक एवढाच की वर हंडी नसते, मनोरा रचून तो सुखरूप उतरविणे हेच बक्षीस. येथे माणसे आपला स्वतःचा जीव पणाला लावतात, आणि प्रौढ मनुष्यास तो अधिकार आहे, हे मिल्लच्या ‘स्वातंत्र्यावर’ या ग्रंथाने आमच्या पिढ्यांना शिकविले आहे. पण सर्वांत वरचा गडी लहान मूल असते, आणि मुलाची संमती ही संमतीच नव्हे. २००६ साली मातारो येथे वरून पडून एक मुलगी मरण पावली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यास संरक्षक टोपी आली. जुन्या अभिमान्यांनी नाके मुरडली असतील. पण परंपरा मोडली नाही. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीचा वारसा म्हणून मानले तेव्हा ती टोपीसह मानले.

आता बैलाकडे वळू. पाम्प्लोना येथे ६ जुलैच्या दुपारी बारा वाजता बाण उडतो आणि उत्सव सुरू होतो. ७ पासून १४ पर्यंत रोज सकाळी आठ वाजता सहा झुंजीचे बैल अरुंद रस्त्यांतून सुमारे साडेआठशे मीटर धावत झुंजीच्या मैदानात नेले जातात, आणि पांढऱ्या कपड्यांतील, गळ्यात तांबडा रुमाल बांधलेली माणसे त्यांच्यापुढे धावतात. सारा खेळ दोन-तीन मिनिटांचा. १९१० पासून या धावेत सोळा माणसे दगावली आहेत. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९२६ च्या आपल्या कादंबरीने हा उत्सव जगभर गाजविला. माझ्या भाच्याने मला दाखविले ते हेच. धावणाऱ्या तरुणांच्या धैर्याविषयी माझी तक्रार नाही. ते आपला जीव देऊ करतात, तो त्यांचा आहे. पण सकाळी धावलेले तेच बैल संध्याकाळी मैदानात मारले जातात, ही गोष्ट त्या चित्रांत नव्हती. धाव ही त्या संध्याकाळची प्रस्तावना आहे. मनुष्य तेथे आपल्या इच्छेने येतो. बैल आणला जातो. सोळा आकडा शतकाहून अधिक काळाचा. बैल रोज सहा.

या झुंजीचे समर्थक काही असंस्कृत लोक नव्हेत. कवी व चित्रकार त्यांत आहेत. ओर्तेगा इ गासेतसारख्या तत्त्वज्ञानेही असे म्हटले आहे की, झुंजींचा इतिहास वगळून स्पेनचा इतिहास समजणार नाही. त्यांचा युक्तिवाद साधारणतः असा: आधुनिक मनुष्य मरण कत्तलखान्याच्या भिंतीआड लपवितो आणि ताटात सुबकपणे वाढून घेतो, आम्ही ते उजेडात आणतो, आणि मारणाराही आपला जीव धोक्यात घालतो. तेव्हा दांभिक कोण? या युक्तिवादात सत्यांश आहे, आणि मांसाहार करणाऱ्याने तो निमूट ऐकून घ्यावा. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? लपविलेले क्रौर्य वाईट, म्हणून उघड क्रौर्य चांगले, असे काही निघत नाही. फार तर दोन्ही तपासावीत, इतकेच निघते. आणि बेन्थॅमने प्राण्यांविषयी जो प्रश्न ठरवून दिला तो, म्हणजे त्याला तर्क करता येतो की नाही हा नव्हे, तर त्याला दुःख होते की नाही हा, झुंजीच्या भव्यतेने मिटत नाही. बैलास शोकांतिका कळत नाही. त्याला भाला कळतो.

भाच्याचा पहिला आक्षेप आता विचारात घेऊ: ती त्यांची परंपरा, आपण कोण? मला वाटते, ‘त्यांची’ या शब्दातच खरी गफलत आहे. झुंजींना विरोध करणारेही ‘त्यांच्यापैकी’च आहेत, आणि तो विरोध जुना आहे. पोप पाचवा पायस याने १५६७ साली झुंजींवर बंदी घातली तेव्हा तो बाहेरचा, असे म्हणता येईल. पण होवेयानोस बाहेरचा नव्हता, आणि १८०५ साली झुंजी बंद करणारा चौथा कार्लोस स्पेनचाच राजा होता. तोर्देसियास गावी दर सप्टेंबरात भालेकरी मोकळ्या रानात बैलाला भोसकून मारीत. लोकांसमोर होणारी ती हत्या २०१६ साली बंद केली ती कास्तील-लेओन प्रांताच्या सरकारनेच. परंपरा म्हणजे एकच एक आवाज नव्हे. ती एक चालू असलेली चर्चा असते. तिच्यातील बलवत्तर पक्षाला ‘परंपरा’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याला ‘परकीय’, हा बलवत्तरांचा जुना डाव आहे.

तो डाव किती उघडा पडू शकतो हे बास्क प्रांतातील ओंदारिबिया व इरुन या गावांनी दाखविले. जुन्या युद्धांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी शस्त्रधारी पथकांची मिरवणूक निघते. पुरुष बंदुका घेऊन चालतात. प्रत्येक पथकात स्त्री एकच, आणि तीही खाद्यपेये वाहणाऱ्या दासीच्या वेषात, शोभेपुरती. १९९६ साली काही स्त्रियांनी सैनिक म्हणून चालण्याचा हक्क मागितला. पुढच्या वर्षांत त्यांचे संमिश्र पथक निघाले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे पाठी फिरविल्या. ओंदारिबियात तर ते दिसूच नये म्हणून लोकांनी रस्त्याच्या कडेला काळे प्लॅस्टिक उभे धरले. पाठ फिरविणाऱ्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. कालची शेजारीण आज काळ्या पडद्यापलीकडची झाली. याउलट त्याच देशातील कॅटलन मनोऱ्यांत १९८० नंतर स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर स्थान मिळाले, आणि मनोरे खाली आले नाहीत, उलट उंच झाले. १९९८ साली प्रथमच दहा थर लागले. अडविल्याने परंपरा वाचते आणि सामावून घेतल्याने मरते, हे गृहीत धरण्यास इतिहासात आधार नाही.

परंपरेच्या वयाचा दाखलाही तसाच फसवा. सेव्हिलची एप्रिलची जत्रा आज अस्सल अँडलुशियन म्हणून मिरवते. पण तिची कल्पना १८४६ साली मांडली ती एका बास्क व एका कॅटलन गृहस्थाने, आणि १८४७ साली ती भरली ती गुरांचा बाजार म्हणून. बुन्योल येथील टोमॅटोफेक १९४५ च्या सुमाराची. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. ठरते ते एवढेच की, परंपरा मनुष्ये घडवितात, आणि जे घडविले ते सुधारताही येते.

गर्दीविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे, तो टाळता येत नाही. २०१६ च्या सान फेर्मिनमध्ये पाच पुरुषांनी एका तरुणीवर अत्याचार केला. खालच्या न्यायालयाने त्याला सौम्य नाव दिले तेव्हा स्पेनच्या रस्त्यारस्त्यांवर स्त्रिया उतरल्या. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बलात्कारच ठरविला, आणि २०२२ मध्ये स्पष्ट संमतीवर आधारलेला नवा कायदा झाला. उत्सवात सर्व मर्यादा सैल होतात हे खरे. त्यातच त्याची गोडी आहे. पण सैल होतात त्या माझ्या स्वतःवरच्या मर्यादा. दुसऱ्याच्या देहाभोवतीची मर्यादा माझ्या आनंदासाठी कधीच सैल होत नाही. स्त्रीच्या बाबतीत हे आज सर्वांस पटते. ते पटण्यासही किती काळ लागला, हे मात्र विसरू नये.

तर मग भारी कारण कोणते? माझे उत्तर असे: उत्सवाचे मोल जेव्हा त्यात आपखुशीने सामील न झालेला कोणी आपल्या देहाने चुकवितो, तेव्हा बंदीला पुरेसे भारी कारण मिळते. खर्च, गोंगाट, वेडाचार, अंधश्रद्धा, यांपैकी एकही तेवढे भारी नाही. मात्र बंदी घालणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने २८ जुलै २०१० रोजी ६८ विरुद्ध ५५ मतांनी झुंजी बंद केल्या, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच शिंगांवर जळते गोळे बांधून बैल सोडण्याच्या आपल्याच खेड्यांतील प्रथेला कायद्याचे संरक्षण दिले. माद्रिदचे ते क्रौर्य, आपली ती संस्कृती! २०१६ साली घटनान्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि मूळ प्रश्न राष्ट्राभिमानांच्या रस्सीखेचीत बाजूला पडला. या उदाहरणावर हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. आपल्याकडील बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तेव्हा आणि २०२३ साली घटनापीठाने त्यांना परवानगी देणारे कायदे वैध ठरविले तेव्हा, किती जणांनी बैलाचा विचार केला आणि किती जणांनी अस्मितेचा, हे ज्याने त्याने स्वतःशी आठवावे. जो कोणी दुसऱ्याच्या उत्सवाविषयी बोलू इच्छितो, त्याने तोच तराजू घरी आणून दाखविला पाहिजे. ‘आपण कोण बोलणार’ या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर हेच. बोलण्याचा अधिकार जन्मभूमीने मिळत नाही; एकच माप दोन्हीकडे लावण्याच्या तयारीने मिळतो.

राहिला भाच्याचा दुसरा आक्षेप: तुम्हीही दोनदा पाहिलेत. तो मात्र मी मान्य करतो. ते दृश्य मला आवडले. छातीत धडधडले, क्षणभर मीही त्या गल्लीत होतो, आणि बैलाचे पुढे काय होणार हे मी विचारले नाही, कारण विचारले असते तर दुसऱ्यांदा पाहता आले नसते. प्रेक्षकाचा अपराध नेमका असा असतो. तो काही करीत नाही, फक्त एक प्रश्न विचारावयाचा ठेवतो. ज्या आनंदाचे बिल दुसऱ्याकडे पाठविले जाते, तो बहुधा असाच न विचारलेल्या प्रश्नावर टिकतो. माझ्या पत्नीने तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला असावा. मला तो सुचण्यास दिवाळीपासून आतापर्यंतचा काळ लागला.

भाचा पुढच्या मार्चात व्हॅलेन्शियाला जाण्याचे म्हणतो आहे. तेथील आगीची चित्रे त्याने अवश्य आणावीत. ती आम्ही सारेच पाहू, आणि वाटले तर दोनदा पाहू.